खुब्याचं ऑपरेशन नीट झालं, आणि मग आई आम्हालाच ओळखेनात

आईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, खुब्याचं ऑपरेशन जानेवारी 2025 मध्ये झालं. कुठला सर्जन, कुठला इम्प्लांट, बिल किती येईल, हे सांगणारे ढीगभर लोक भेटले. पण ऑपरेशननंतर म्हातारं माणूस अचानक भलतंच बोलायला लागू शकतं, रात्री उठून पळायला बघतं, घरच्यांवर आळ घेतं, याला डिलिरियम म्हणतात, हे आधी कुणीच सांगितलं नाही. आणि झाल्यावर मात्र ज्याला सांगावं तो म्हणतो, अगं हो, आमच्या मामांना पण झालेलं, आमच्या शेजारच्या काकूंना झालेलं. म्हणजे घरोघरी होतंय पण बोलत कुणी नाही, बहुतेक लाजेपोटी. म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही, बँकेत नोकरी करते, तेव्हा औषधांचं काय ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

12 जानेवारी, रविवार. सकाळी बाथरूममध्ये पाय घसरला आणि आई तिथेच बसल्या, उठताच येईना. वय 77, 2019 ला हृदयात एक स्टेंट, बीपीची गोळी, कानाला मशीन, वरची कवळी. नाशिकमध्येच घराजवळच्या हॉस्पिटलला नेलं. एक्सरेत मांडीच्या हाडाची मान मोडलेली दिसली. डॉक्टर म्हणाले या वयात स्क्रू मारून ते जुळेलच असं नाही, आपण वरचा बॉलच बदलू. असं ऑपरेशन खरं तर चोवीस-अठ्ठेचाळीस तासांत उरकलेलं बरं असतं, पण आईंना स्टेंटमुळे रक्त पातळ करायची क्लोपिडोग्रेल चालू होती आणि कमरेत इंजेक्शन देऊन भूल द्यायची तर ती गोळी बंद करून पाच-सात दिवस जाऊ द्यावे लागतात. म्हणून शुक्रवार, 17 तारीख ठरली. तोवर पायाला वजन लावून झोपवून ठेवायचं.

ऑपरेशनच्या आधीचे हे दिवस आमच्या मते फक्त वाट बघायचे होते. आईंसाठी ते तसे नव्हते.

एक तर संक्रांतीचा आठवडा. भोगी 13 ला, संक्रांत 14 ला, आणि ज्या आयुष्यभर या दिवसांत ओट्यापाशी उभ्या राहिल्या त्या आडव्या पडून छताकडे बघतायत. भेटायला येणारे तिळगुळासोबत सल्ले घेऊन येत होते. किंक्रांतीला कसलेही कागद करू नका, सही तर नकोच, असं एका आत्यांनी बजावलं. दुसऱ्यांनी त्यांच्या ओळखीतल्या कुणाची तरी गोष्ट सांगितली जी ऑपरेशननंतर उठलीच नाही, आणि हे पेशंटच्या उशाशी बसून! माझं स्पष्ट मत झालंय की ऑपरेशनच्या आधी भेटायला येणाऱ्यांना बाहेर कँटीनमध्येच चहा पाजून परत पाठवावं.

दुसरं म्हणजे तपासण्या. रक्त, लघवी, ईसीजी, छातीचा एक्सरे, टू डी इको, फिजिशियनचं फिटनेस, मग भूलतज्ज्ञांचं फिटनेस. दर वेळी स्ट्रेचरवर घ्यायचं आणि दर वेळी मोडलेला पाय हलायचा. रिपोर्टमध्ये सोडियम 131 होतं, 135 च्या वर हवं, पण थोडंसंच कमी आहे म्हणून त्यावर फार बोलणं झालं नाही. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे येतोय.

तिसरं, तो हाय रिस्कचा कागद. माझ्या नवऱ्याला आरएमओ, म्हणजे वॉर्डातला निवासी डॉक्टर, खोलीतच, आईंसमोर सांगत होता, की वय आहे, हार्ट आहे, टेबलवर काहीही होऊ शकतं, इथे सही करा. कान अधू असला तरी आईंना नेमकं तेवढं ऐकू गेलं. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. झोप नाही, सारखं "किती वाजले गं" आणि छातीत धडधड. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी झोपेची अर्धी गोळी दिली, मग ती रोजच रात्री चालू राहिली. सह्यांसाठी कुणी आलं तर "बाहेर येतो, तिथे सांगा" एवढं म्हणायचं, कुणी नाही म्हणत नाही. पेशंटला अंधारात ठेवा असं मी म्हणत नाहीये, पण सांगायची पण एक रीत असते ना.

आम्ही सगळे त्यांना धीर देत होतो की आई काही होत नाही, हल्ली हे ऑपरेशन रोजचं झालंय. त्या मान हलवायच्या आणि परत छताकडे. शेवटी 16 तारखेला भूलतज्ज्ञ मॅडम तपासायला आल्या, स्टूल ओढून बसल्या, कानातलं मशीन नीट लावायला लावलं आणि विचारलं, "आज्जी, तुम्हाला नक्की कशाची भीती वाटतेय?" इतक्या दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं. आई म्हणाल्या, "मरायचं भ्या नाही मला. पण आत नेऊन सगळं उघडं करत्याल, पुरुष माणसं असत्याल." आणि मग थोड्या वेळाने, "आन् नंतर अंथरुणाला खिळून राहिले तर माझं कोण करंल." मी तिथेच उभी होते, माझ्याकडे बघितलं नाही त्यांनी. मॅडमनी सांगितलं की हिरवा गाऊन असतो, फक्त पायाचा भाग उघडा करतात, बाकी सगळं झाकलेलं, मी पूर्ण वेळ तुमच्या डोक्यापाशी बसलेली असेन, आणि तुम्हाला दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभं करणार आहेत. दहा मिनिटं लागली असतील. त्या रात्री आई नीट जेवल्या. तुम्हाला जमलं तर भूलतज्ज्ञांची अशी भेट मागून घ्या, सर्जनकडे वेळ नसतो पण भूलतज्ज्ञ बहुतेक वेळा बोलतात, आणि पेशंटला रात्री काय होतं, झोपेची गोळी चालू आहे का, हे त्यांना आवर्जून सांगा.

मॅडमनी अजून एक विचारलं, दारू, सिगरेट, तंबाखू काही? आईंनी लगेच मान हलवली, नाही नाही. आम्हाला हसूच आलं त्या प्रश्नाचं.

17 ला सकाळी पाटल्या. सासरे असताना घातलेल्या दोन सोन्याच्या पाटल्या हातातून कधी निघालेल्याच नव्हत्या आणि ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे ओटीत, धातू चालत नाही, करंट लावून रक्त थांबवतात त्यात भाजू शकतं, शिवाय हात सुजला तर पंचाईत. साबण, मग खोबरेल तेल, मग सिस्टरने बोटांना दोरा गुंडाळून एकेक काढली. आई रडल्या. पाटल्या मी रुमालात बांधून पर्समध्ये ठेवल्या. मशीन, कवळी आणि चष्मा एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून आमच्या हातात दिला.

ऑपरेशन दीड तासात झालं, कमरेखालची भूल होती, सर्जन बाहेर येऊन म्हणाले एकदम छान झालंय. हार्टमुळे एक रात्र आयसीयूत. तिथे नातेवाईकांना पाच मिनिटं संध्याकाळी. खिडकी नाही, दिवे रात्रभर चालू, मॉनिटरची टिकटिक, आणि मशीन-चष्म्याची पिशवी अजून आमच्याच हातात, कारण आत हरवेल म्हणून घेत नव्हते.

शनिवारी 18 ला दुपारी खोलीत आणलं. दुपारभर झोपल्या, म्हटलं दमल्यात. संध्याकाळी साडेसहा-सातला मला विचारलं, "गाय आली का?" गावचं घर निफाडजवळ, गाय विकून पंचवीसेक वर्षं झाली. मी म्हटलं आई आपण हॉस्पिटलमध्ये आहोत. त्यावर "हां हां" म्हणून गप्प. मग चादरीवरून काहीतरी वेचायला लागल्या, चिमटीत धरून, जणू तांदळातले खडे. मग सलाईनची नळी ओढली. रात्री अकरापर्यंत त्यांना नवरा म्हणजे त्यांचा धाकटा दीर वाटत होता, आणि मी कोण तर "ही बाई". या बाईने माझ्या पाटल्या काढून घेतल्या. पोलिसात द्या हिला. हे पूर्ण मजल्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

लग्नाला एकवीस वर्षं झालीत, आमचं अगदी मायलेकींसारखं नसेल पण चांगलं आहे. तरी मी जिन्यात जाऊन रडले. पाटल्या दाखवल्या तर म्हणाल्या ह्या खोट्या आहेत.

रविवार हा सगळ्यात वाईट दिवस, कारण रविवारी मोठे डॉक्टर राउंडला नसतात. दिवसा आई अगदी शांत पडून होत्या, डोळे अर्धे मिटलेले, हाक मारली तर ओ द्यायच्या आणि परत मिटायच्या, चमचाभर पेजही गिळेनात. येणारे जाणारे म्हणत होते आज बरं वाटतंय हो. बरं वगैरे काही नव्हतं. नंतर कळलं की हाच डिलिरियमचा दुसरा प्रकार, शांत पडून राहायचा, आणि तोच जास्त निसटतो कारण त्रास कुणालाच होत नाही. दिवसातून तीन वेळा रूप बदलतं, सकाळी नीट बोलतात, दुपारी गुंगी, संध्याकाळ झाली की सुरू. म्हणून डॉक्टर सकाळी दहाला बघून "ठीक आहेत की" म्हणून जातात. आम्ही मग वेळ टाकून वहीत लिहायला लागलो, काय बोलल्या, काय खाल्लं, किती वाजता झोपल्या. मोबाईलवर एक छोटा व्हिडिओ पण काढून ठेवला, फक्त डॉक्टरांना दाखवायला. घरच्या ग्रुपवर टाकू नका कृपया.

रविवारी रात्री त्यांनी कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, ओढला, कठड्यावरून पाय टाकला. रात्रपाळीला एक सिस्टर आणि एक मामा (वॉर्डबॉय), पेशंट किती तरी. त्यांनी बँडेजने दोन्ही हात कठड्याला बांधले. त्या माणसांची अडचण मला कळते पण बांधल्यावर आई जे ओरडायला लागल्या ते ऐकवत नव्हतं, आणि बांधल्याने हा गोंधळ वाढतोच हे नंतर फिजिशियननेच सांगितलं. आम्ही लेखी दिलं की आमच्यापैकी एक जण रात्रभर हात धरून बसेल, जबाबदारी आमची, तेव्हा सोडले.

त्याच रात्री दीडच्या सुमाराला आई पडद्याकडे बघून म्हणाल्या, "दादा उभे आहेत तिथं. या की आत." दादा म्हणजे माझे सासरे, 2011 ला गेले.

हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरात हे झालंय त्यांना कळेल त्या क्षणी खोलीत काय झालं असेल. आपल्याकडे गेलेलं माणूस दिसायला लागलं की ते न्यायला आलंय असंच समजतात. नणंदेने, म्हणजे ताईंनी, तोंडाला पदर लावला. नवऱ्याने सकाळ व्हायच्या आत गावाकडे दोन फोन केले, येऊन बघून जा म्हणून. ताईंच्या सासूबाईंनी अंगारा पाठवला, कुणी म्हणालं ओटीत बाहेरचं काही लागलं असेल, लिंबू उतरवा. अंगारा लावला, त्याने कुणाचं काही बिघडत नाही आणि ताईंना बरं वाटलं. पण मला आतून वाटत होतं की हे असं संध्याकाळी सुरू आणि सकाळी कमी होणारं काहीतरी शरीरातलंच असणार. न्यायला आलेलं माणूस काय शिफ्टमध्ये येतं का?

सोमवारी, 20 तारखेला, फिजिशियन आले. वही वाचली, व्हिडिओ बघितला. मग आईंच्या कानात मशीन घालायला लावलं, चष्मा लावला आणि म्हणाले, "आज्जी, वार उलटे सांगा बरं. रविवार, शनिवार, मग?" आई म्हणाल्या, "रविवार, शनिवार... आज बाजाराचा वार." तिथेच अडकल्या, लक्ष दुसरीकडे गेलं. डॉक्टर आम्हाला बाहेर घेऊन आले आणि म्हणाले याला डिलिरियम म्हणतात, हे वेड नाही, स्मृतिभ्रंश नाही, भूल चढलीय वगैरे पण नाही. मेंदूवर एकदम ताण आला की म्हाताऱ्या माणसात असं होतं, खुब्याच्या फ्रॅक्चरमध्ये तर साधारण तीन-चार जणांत एकाला होतं. माणसं दिसणं हाही त्यातलाच भाग, त्याचा जाण्याशी संबंध नाही. नवऱ्याने खुर्चीवर बसून दोन मिनिटं डोळे पुसले.

मग त्यांनी एकेक कारण शोधायला घेतलं, आणि हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण तोवर सगळे "वय आहे हो" एवढंच म्हणत होते. रक्त परत पाठवलं तर सोडियम 124. बीपीच्या गोळीत लघवी होण्याचं औषध मिसळलेलं होतं, त्याने सोडियम उतरतं, वर खाणं नाही आणि सलाईन चालू. ती गोळी बदलली आणि सोडियम हळूहळू वर आणलं, मुद्दाम हळूहळू, कारण एकदम वाढवलं तर मेंदूला इजा होते म्हणाले, त्यामुळे "अजून का नाही वाढलं" असा तगादा लावू नका. पोट ऑपरेशनच्या आधीपासून साफ झालेलं नव्हतं, एनिमा दिला. कॅथेटर त्याच दिवशी काढून टाकला. लघवीला इन्फेक्शन आहे का ते तपासायला पाठवलं, नव्हतं. दुखणं विचारलं, आई सांगत नव्हत्या पण पाय हलवला की कपाळाला आठ्या, म्हणजे दुखत होतंच, मग ठरावीक वेळेला पॅरासिटामॉल सुरू केलं आणि गुंगीचं दुखण्याचं इंजेक्शन कमी केलं. झोपेची ती अर्धी गोळी बंद. शांत झोप लागावी म्हणून दिलेली ही गोळीच या वयात डोकं भरकटवू शकते, आणि खाज-सर्दीच्या साध्या गोळ्यांनीही तसं होतं म्हणाले. त्याऐवजी दोनच रात्री दुसरं एक औषध अगदी कमी डोसमध्ये दिलं, तेसुद्धा त्या स्वतःला इजा करून घेतील या भीतीने.

आणि मग विचारलं, तंबाखू? आम्ही परत नाही म्हणणार तेवढ्यात ताई हळूच म्हणाल्या, "मिश्री लावते ती. सकाळ-संध्याकाळ." वर्षानुवर्षं. डबी देवघराच्या मागे असते म्हणे. सून म्हणून मला माहीत नाही, मुलाला माहीत नाही, आणि लेक आईची अब्रू जपत गप्प. डॉक्टर म्हणाले ती अचानक सुटली हे एक कारण असेल किंवा नसेलही, पण मिश्री म्हणजे तंबाखूच, ती फाईलला असायला हवी होती. गंमत बघा, इन्शुरन्सवाल्यांनी याच काळात क्वेरी काढली होती की पेशंट पडली तेव्हा दारूच्या अमलाखाली नव्हती असं डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणा. 77 वर्षांच्या बाईचं! ते आणून दिलं. मिश्रीचं कुठल्याच फॉर्मवर नव्हतं. तुमच्याकडे म्हातारी बाई असेल तर तंबाखू खाता का असं विचारू नका, मिश्री लावता का, तपकीर ओढता का, पानात काय घालता, असं नाव घेऊन विचारा, आणि सुनेने नाही, लेकीने विचारा.

औषधाइतकंच महत्त्वाचं होतं ते आम्ही करायचं होतं. मशीन आणि चष्मा दिवसभर लावलेला, कवळी जेवताना. खाट खिडकीकडे फिरवून घेतली, मागितलं तर देतात फिरवून. घरून कालनिर्णय आणून समोर टांगलं, मोठ्या काट्याचं घड्याळ आणलं. दर तासा-दोन तासाला साधं बोलायचं, आई आज मंगळवार, आपण नाशिकला हॉस्पिटलमध्ये, पायाचं ऑपरेशन झालंय. गाय आली का विचारलं तर वाद घालायचा नाही, "गायीचं नाव काय होतं हो?" असं विचारून तिकडून इकडे आणायचं. दिवसा झोपू द्यायचं नाही, फिजिओ आला की खुर्चीत बसवायचंच कितीही नको म्हणाल्या तरी. रात्री दिवे मंद, आणि सिस्टरना विनंती केली की रात्री दोनचं बीपी शक्य असेल तर सोडा, त्यांनी डॉक्टरांना विचारून सोडलं. आणि रात्री ओळखीचाच माणूस, रोज नवीन आया नको. आम्ही एक मावशी ठेवली होती, बारा तासांचे 800 रुपये, पण आईंना ती अनोळखी म्हणून अजूनच चिडायच्या, मग मावशीला दिवसा ठेवून रात्री आम्ही पाळ्या लावल्या.

हे सगळं ऐकायला घरगुती वाटतं. पण नंतर वाचलं तर अमेरिकेत येल विद्यापीठातल्या शेरॉन इनोये नावाच्या डॉक्टरांनी 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नेमकं हेच 70 वर्षांवरच्या 852 पेशंटवर करून बघितलं होतं, चष्मा, ऐकायचं मशीन, पाणी, चालवणं, रात्रीची झोप, बोलत राहणं. ऑपरेशनचे नव्हे, वॉर्डातले आजारी पेशंट होते ते. नेहमीच्या पद्धतीत 15 टक्के लोकांना डिलिरियम झाला आणि असं सगळं केलेल्यांत 9.9 टक्के. पण एकदा सुरू झाल्यावर मात्र याने फार फरक पडला नाही, म्हणजे जे करायचं ते आधीपासून करायचं. आमच्याकडे तर मशीन आणि चष्मा पहिले दोन दिवस पिशवीतच होते. आयसीयूत पिशवी घेत नसतील तर त्यावर नाव लिहून, वहीत नोंद करून द्या पण द्या, मशीन हरवलं तर नवीन घेता येईल.

बुधवारी 22 ला सकाळी आई म्हणाल्या, "तू रात्रभर इथंच बसलीस का? घरी पोरांचं कोण बघतंय?" सोडियम 132 झालं होतं. संध्याकाळी परत थोडं भरकटलं, पण आवाज कमी. हे असंच उतरतं, दोन पावलं पुढे एक मागे, एका चांगल्या सकाळीवरून सगळ्यांना "बरी झाली" असे फोन करू नका.

डिस्चार्ज शनिवारी, 25 तारखेला. डिस्चार्ज समरीचा ड्राफ्ट वाचला तर त्यात ऑपरेशन यशस्वी, टाके अमुक दिवशी काढणे, एवढंच. डिलिरियमचा शब्द नाही, सोडियमचा नाही. मी म्हटलं लिहा. बिलिंगच्या माणसाने हळू आवाजात सांगितलं, मॅडम कशाला, मानसिक म्हणून क्लेम अडकेल. फिजिशियनना फोन लावला, ते म्हणाले ही ऑपरेशननंतरची वैद्यकीय गुंतागुंत आहे, मी लिहितो. आणि तसंही 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार मानसिक आजारालाही बाकी आजारांसारखाच विमा द्यावा लागतो, तेव्हा या भीतीने समरीतून काही गाळू देऊ नका. क्लेम अडकला नाही. फक्त अंतिम मंजुरीला दुपारचे साडेचार वाजले. आयआरडीएआयच्या, म्हणजे विमा नियामकाच्या, 2024 च्या परिपत्रकाप्रमाणे डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्यायला हवी, हे टीपीए डेस्कवर (हॉस्पिटलातलं विम्याचं काम बघणारं टेबल) शांतपणे म्हणून दाखवा, थोडी हालचाल होते.

पैशांचं साधारण असं: एकूण बिल 2 लाख 48 हजार, विम्याने दिले 1 लाख 62 हजार, 86 हजार आमचे. यात 20 टक्के को-पे (बिलातला आपणच भरायचा वाटा), खोलीच्या भाड्यातला फरक, आणि हातमोजे-डायपर वगैरे जे विमा देतच नाही ते. वर वॉकर, कमोड खुर्ची, घरी यायची अँब्युलन्स आणि फिजिओ. 70 वर्षांवरच्यांना आयुष्मान कार्ड ऑक्टोबर 2024 पासून उत्पन्नाची अट न लावता मिळतं, खाजगी विमा असला तरी, पण आम्ही गेलो ते हॉस्पिटल योजनेत नव्हतं आणि मोडक्या पायाने त्यांना दुसरीकडे हलवायची हिंमत झाली नाही. घरात कुणी सत्तरीपुढचं असेल तर कार्ड आत्ताच काढा आणि आपल्या भागातली कुठली हॉस्पिटलं त्यात आहेत तेही बघून ठेवा, पडल्यावर शोधायला वेळ नसतो.

घरी आल्यावर निम्मं आपोआप सुधारलं. स्वतःची खोली, स्वतःचा देव्हारा. तरी फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला थोडी बेचैनी असायची, आणि टीव्हीवरची मालिका कळत नाही म्हणायच्या. पाटल्या 26 जानेवारीलाच परत हातात घातल्या होत्या.

मार्चमध्ये एकदा शेंगा सोलत बसलो होतो तेव्हा विचारलं त्यांनी, "मी तुला काय काय बोलले गं दवाखान्यात?" मला वाटलं होतं त्यांना काही आठवत नसेल. तर बरंच आठवत होतं, तुकड्यातुकड्यात. हात बांधलेले आठवत होते, आणि आपण कुठल्या तरी धर्मशाळेत कोंडलेल्या आहोत आणि बाहेरचे लोक आपल्याला विकणार आहेत असं वाटत होतं म्हणे. मी म्हटलं पाटल्या चोरल्या म्हणालात, पोलिसात द्या म्हणालात. त्या हसल्या, मग पदराने डोळे टिपले, मग म्हणाल्या, "दादा मातुर खरंच दिसले हां." त्यावर मी काही बोलले नाही. तो विषय तेवढाच झाला पण त्यानंतर त्या जरा मोकळ्या झाल्या, मला वाटतं इतके दिवस मनात धरून बसल्या होत्या. तेव्हा घरातलं कुणी यातून गेलं असेल तर नंतर एकदा बोला, चेष्टा करू नका. आमच्याकडे भाच्यांनी "आज्जी गाय आली का" सुरू केलं होतं, ते बंद करायला लावलं.

एप्रिलच्या शेवटी फिजिशियनच्या सांगण्यावरून स्मरणशक्तीची तपासणी केली, कारण कधीकधी आधीपासून सुरू असलेला विसराळूपणा अशा वेळी उघडा पडतो. वयाच्या मानाने ठीक आहे म्हणाले, दरवर्षी बघू. मिश्री अजून बंद आहे असं त्या म्हणतात. देवघरामागची डबी मी तपासायला जात नाही.

पुढे सप्टेंबरमध्ये डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. या वेळी फाईलच्या पहिल्या पानावर मी मोठ्या अक्षरात लिहून दिलं: जानेवारी 2025 ला ऑपरेशननंतर डिलिरियम, सोडियम 124 झालं होतं, झोपेची गोळी देऊ नये, मिश्रीची सवय होती, ऐकायचं मशीन शक्य तितका वेळ कानात ठेवावं. डोळ्याच्या डॉक्टरांनी वाचलं, सोडियम आधी तपासून घेतलं, फक्त थेंब टाकून बधिर केलं आणि उजव्या कानातलं मशीन तसंच राहू दिलं. दुपारी घरी. उजव्या डोळ्याची तारीख डिसेंबरमधली मिळालीय, तोच कागद झेरॉक्स काढून ठेवलाय.